भुताखेतांच्या कथा आणि ख्रिस्ती वाचक

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये 19:11–20, लूक 24:36–43

शाहूवाडी तालुक्यात एकदा पावसाने धरले म्हणजे आंबा घाटापासून विशाळगडापर्यंत तो दिवसचे दिवस उघडीप देत नाही. अंधार लवकर पडतो, वीज जाते, वाटा चिखलाने बंद होतात, आणि जेवणे उरकल्यावर घरातील माणसे चुलीच्या उबेला बसून गोष्टी काढतात. पूर्वी या गोष्टी आजीच्या तोंडून येत. हल्ली त्या छापील पुस्तकांतून, चित्रपटांतून व हातातल्या मोबाइलमधूनही येतात. वेताळ, मुंजा, हडळ, करणी, भानामती, गुप्तधन हे त्यांचे नेहमीचे विषय होत. मंडळीतील तरुण मुले त्या आवडीने वाचतात व पाहतात, आणि त्यांचे आईबाप पाळकाला विचारतात, "विश्वासणाऱ्याने असले काही वाचावे काय?"

या प्रश्नाला दोन उत्तरे ताबडतोब मिळतात. एक पक्ष म्हणतो, हे सर्व सैतानाचे आहे. पुस्तक घरात दिसले की चुलीत घालावे. दुसरा पक्ष म्हणतो, ही केवळ करमणूक आहे. वाचले, अंगावर काटा आला, झोप लागली, संपले. दोन्ही पक्षांचा हेतू वाईट नाही. परंतु एका गोष्टीकडे दोघांचेही लक्ष गेलेले नाही. भय हे पुस्तकाच्या पानांत बसून राहत नसते. पुस्तक मिटल्यावर ते बाहेर पडते आणि कोणाच्या तरी दारात जाऊन बसते. ते कोणाच्या दारात जाते, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देणे उतावळेपणाचे होईल. प्रस्तुत पाठात आपण तेच पाहू.

1. या कथांची ओळख

ज्याविषयी निर्णय द्यावयाचा, ते आधी जाणून घ्यावे. मराठीत भयकथा घरोघर पोहोचविण्याचे काम मुख्यतः नारायण धारप (1925–2008) यांनी केले. त्यांची पुस्तके ग्रंथालयांतून हातोहात जात. त्यांच्या अनेक कथांत 'समर्थ' नावाचा एक पुरुष येतो, व तो आपल्या आत्मिक सामर्थ्याने अघोरी शक्तींशी लढून पीडितांना सोडवितो. काही कादंबऱ्या त्यांनी परदेशी कादंबऱ्यांवरून मराठी वेषात आणल्या. 'लुचाई' ही अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या 1975 सालच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीतील रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी 'गूढकथा' या नावाने लिहिले, आणि पिशाचापेक्षा मनुष्याच्या मनातील अंधारालाच तीत पुष्कळदा अधिक जागा दिली. 2018 साली राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा चित्रपट निघाला; त्याची मूळ कल्पना त्यांना धारपांच्या एका कथेवरून सुचली. 2024 साली कोकणातील मुंज्याच्या समजुतीवर 'मुंज्या' हा चित्रपट निघाला व तोही पुष्कळांनी पाहिला.

कल्पित कथा ही वस्तूच ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला आपल्याच पूर्वजांचा इतिहास आडवा येतो. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' 1857 साली बाबा पदमनजी यांनी लिहिली. ते ख्रिस्ती झालेले गृहस्थ व पुढे मंडळीचे पाळक होते. हिंदू विधवांची दैना लोकांपुढे मांडण्यासाठी त्यांनी कल्पित कथेचाच आश्रय केला. त्याही आधी, 1841 साली, हरी केशवजी यांनी जॉन बन्यन याचा ग्रंथ 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणला होता. त्या ग्रंथात अपल्लुओन नावाचा खवले असलेला राक्षस आहे, मृत्युच्छायेची दरी आहे, काळोखात कानाशी कुजबुजणारे दुष्ट आत्मे आहेत. भयाचे इतके प्रसंग असलेले पुस्तक ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, मुलांना वाचून दाखविले गेले. तेव्हा भयानक प्रसंग पुस्तकात आहे एवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नाही. पवित्र शास्त्रातही शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आहे, आणि तो वाचून ज्याच्या अंगावर शहारे येत नाहीत असा वाचक विरळा.

2. इफिसात काय जाळले गेले

पुस्तके जाळावी म्हणणारे बहुधा इफिस नगराचा दाखला देतात. म्हणून तो उतारा बारकाईने वाचला पाहिजे.

इफिस हे जादूटोण्यासाठी सर्व रोमी साम्राज्यात प्रसिद्ध असलेले नगर होते. 'इफिसी अक्षरे' म्हणून काही निरर्थक शब्द होते. ते चामड्यावर अथवा धातूच्या पत्र्यावर लिहून लोक अंगावर बांधीत, आणि त्यांच्या योगाने भूतबाधा टळते व पैज जिंकता येते असे मानीत. आपल्याकडील ताईत व गंडेदोरे हे त्यांचेच भाऊबंद होत. अशा नगरात पौलाने सुवार्ता सांगितली, आणि पुष्कळ लोक पुढे येऊन आपली कृत्ये पदरी घेऊ लागले. ज्यांनी जादूचे प्रयोग केले होते त्यांनी आपल्या पोथ्या आणून सर्वांदेखत जाळल्या. त्यांची किंमत मोजली तेव्हा ती पन्नास हजार रौप्य नाण्यांची भरली. ते नाणे त्या काळी एका मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे एका मजुराने एकही दिवस खाडा न करता सुमारे 137 वर्षे राबावे, तेव्हा एवढी रक्कम व्हावी.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली अशी की, ज्या जाळल्या त्या प्रयोगाच्या पोथ्या होत्या. अमुक अक्षरे अमुक वेळी लिहावी, अमुक विधी करावा, म्हणजे शत्रूवर अमुक परिणाम होईल, अशा त्या धंद्याच्या वह्या होत्या. गोष्ट सांगणारी पुस्तके ती नव्हेत. दुसरी, ज्याने त्याने आपापली पोथी आणली. शेजाऱ्याच्या घरात शिरून कोणी त्याची पेटी उपसली नाही. तिसरी, आधी कबुली झाली आणि मग अग्नी पेटला. कृत्य सोडल्यावर त्याचे साधन निरुपयोगी झाले, म्हणून ते जाळले गेले.

यावरून भयकथेचे पुस्तक आणि मंत्राची पोथी यांत भेद केला पाहिजे हे उघड आहे. मात्र हा भेद वाचकाने स्वतःच पुसून टाकला तर काय? कोणी कथेतील विधी खरा मानून तो अमावास्येला करून पाहू लागला, अथवा मेलेल्यांशी बोलण्याचा खेळ मित्रांसह मांडू लागला, तर त्याच्या हातातील कथेचीच पोथी झाली. अनुवाद 18:10–12 येथे देवाने आपल्या लोकांना ज्या गोष्टी वर्ज्य केल्या, त्या उंबरठ्यावर तो उभा आहे. अशा वाचकाने ते पुस्तक बाजूला ठेवावे, हेच त्याला हितकर होय.

आणखी एक सावधगिरी सांगतो. 'तुंबाड' चित्रपटातील हस्तर हा देव कोणत्याही पुराणात नाही. तो चित्रपटकर्त्यांनी कल्पिलेला आहे. तरी पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना तो जुना वाटतो. ज्या लेखकाने आपली कथा कल्पित आहे हे उघड ठेवले, त्याने वाचकाशी प्रामाणिकपणा राखला. 'ही सत्य घटना आहे' असा शिक्का मारून मोबाइलवर फिरणाऱ्या भुताच्या गोष्टी मात्र धारपांच्या कादंबरीहून अधिक घातक आहेत. कारण तेथे कल्पित वस्तू साक्षीच्या आसनावर बसविलेली असते.

3. स्किवाचे पुत्र आणि गळ्यातील क्रूस

त्याच अध्यायात स्किवाच्या सात पुत्रांची कथा आहे. ते भुते काढीत हिंडत. पौलाच्या मुखातील येशूचे नाव प्रभावी आहे असे पाहून त्यांनी तेही आपल्या मंत्रांत घातले. तेव्हा दुष्ट आत्म्याने त्यांना विचारले की, येशूला मी ओळखतो, पौलही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? मग त्या मनुष्याने त्यांच्यावर झडप घातली, आणि ते उघडेनागडे व घायाळ होऊन घरातून पळाले. प्रभूचे नाव हे मंत्राक्षर नव्हे, हा या कथेचा बोध आहे.

आता भयकथांकडे पाहा. ब्रॅम स्टोकर याच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीपासून रक्तपिपासू पिशाच क्रूस पाहून मागे हटते, ही कल्पना जगभर रूढ झाली. ख्रिस्ती वाचकाला ती पहिल्याने गोड वाटते. आपल्या प्रभूचे चिन्ह विजयी झाले असे त्याला वाटते. पण थोडा विचार केला तर दिसेल की, त्या कथेत क्रूसाने जे काम केले तेच लसणानेही केले आहे. लसूण, क्रूस, पवित्र भाकर ही सर्व एकाच टोपलीत ठेवलेली आहेत. ज्या क्रूसावर तारण साधले गेले त्याचा येथे ताईत झाला.

नवल असे की, हा दोष एका भयकथेच्या लेखकानेच दाखवून दिला आहे. स्टीफन किंग यांच्या वर उल्लेखिलेल्या मूळ कादंबरीत एक याजक हातात क्रूस घेऊन पिशाचासमोर उभा राहतो. पिशाच त्याला आव्हान देते की, तो क्रूस फेकून दे आणि केवळ आपल्या विश्वासाने माझ्यासमोर ये. याजकाचा धीर होत नाही. तो क्रूसाला घट्ट धरून राहतो, आणि त्याच क्षणी क्रूसाचे तेज मावळते. हातात राहते ते एक निर्जीव चिन्ह. स्किवाच्या पुत्रांवरील प्रवचन याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे.

हा पाठ आपल्या घरालाही लागू आहे. बाळाच्या पाळण्याला काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस बांधणे, उशीखाली नवा करार केवळ दुःस्वप्ने टळावी म्हणून ठेवणे, प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली विकत घेऊन उंबरठ्यावर शिंपडणे, हे प्रकार आपल्या खेड्यांतील विश्वासणाऱ्यांत नाहीत असे कोणी छातीला हात लावून म्हणू शकेल काय? कधी कधी परगावाहून एखादा उपदेशक येतो आणि आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो की, तुझ्या घरातल्याच एका बाईने तुझ्यावर करणी केली आहे. देवऋषी जे लिंबू कापून सांगत होता, तेच याने येशूचे नाव घेऊन सांगितले. असे करणाराला शास्त्र प्रेषितांच्या पंक्तीत बसवीत नाही; त्याची जागा स्किवाच्या घरात आहे.

4. भयाचे मोल कोण देतो

येथे आपण मूळ प्रश्नाशी आलो. भय पुस्तकातून निघाल्यावर जाते कोठे?

भुताखेतांच्या कथांत वाईट कोण असते ते एकदा मोजून पाहावे. पुष्कळ कथांत ती एक म्हातारी असते. ती एकटी असते, बहुधा विधवा. तिचे केस पिंजारलेले, पाठ वाकलेली, घर गावाबाहेर. अशा दहा कथा वाचलेल्या मुलाची दृष्टी नकळत तयार होते. मग शेजारच्या घरात गाय आटली, मूल तापाने फणफणले, अथवा सुनेला दिवस जाईनात, म्हणजे गावाची दृष्टी त्या एकट्या म्हातारीच्या झोपडीकडे वळते. कथेतील चेटकीण कागदाची असते. गावातील बाईला मात्र मार लागतो, तिचे पाणी तोडले जाते, तिला गाव सोडावे लागते.

आपल्या लोकसमजुतीतील भुतांची यादीसुद्धा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. हडळ कोण? बाळंतपणात मेलेली बाई. मुंजा कोण? मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा. ज्यांचे मरण पाहून गावाने रडावे व पुढच्या बाळंतिणीसाठी सुईण, औषध व वाहन यांची तजवीज करावी, त्यांचीच भुते करून गाव त्यांना भिऊ लागले. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले. हडळ खरी की खोटी यावर त्यांनी वाद घातला असता तर किती आयुष्ये गेली असती कोण जाणे. बाळंतीण जगली म्हणजे हडळ होत नाही, हे उत्तर रुग्णालयाने दिले.

केवळ भयच नव्हे, लोभही याला येऊन मिळतो. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे 1972 ते 1974 या काळात एकामागून एक खून झाले. त्यांत मुख्यतः स्त्रिया व लहान मुली मारल्या गेल्या. बळी दिल्याने गुप्तधन हाती लागेल व संतती होईल, ही समजूत त्यांच्या मुळाशी असल्याचे तपासात पुढे आले. एखादी कादंबरी वाचून हे घडले असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या समजुती कथेत अंगावर गोड काटा आणतात, त्यांनी आमच्या महाराष्ट्रात खरोखरीची बालके खाल्ली आहेत. वाचकाने हे विसरून वाचू नये.

या समजुतींविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे कार्य केले व कायद्याची मागणी धरून ठेवली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला, व त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार सांगितले आहेत. अमुक व्यक्ती करणी करते, अथवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटविते, असे भासवून तिला त्रास देणे हा त्यांपैकी एक. साप, कुत्रा अथवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र व गंडेदोरे करणे हा दुसरा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. आपल्या डोंगरी भागात नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचा धोका नेहमीचा आहे. त्यांवरील लस सरकारी रुग्णालयात असते. मांत्रिकाच्या अंगणात जी वेळ जाते ती परत मिळत नाही.

आता दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहून आपल्या डोळ्यातील मुसळ विसरू नये. अमेरिकेतील सेलम येथे 1692 साली एका पाळकाच्या घरातील लहान मुलींना झटके येऊ लागले. शेजारच्या स्त्रियांनी चेटूक केले असा आरोप झाला. शास्त्र नित्य वाचणाऱ्या, प्रभुवार पाळणाऱ्या त्या लोकांनी 19 जणांना फाशी दिली, व एका वृद्ध पुरुषाला दगडांच्या ओझ्याखाली चिरडून मारले. पाच वर्षांनी, 1697 च्या जानेवारीत, तेथे सार्वजनिक उपवासाचा दिवस पाळला गेला. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सेवॉल हा मंडळीसमोर उभा राहिला, आणि पाळकाने त्याची कबुली सर्वांना वाचून दाखविली. त्याच सेलम नगरात 120 वर्षांनी, 6 फेब्रुवारी 1812 रोजी, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, आणि पुढील वर्षी ते मुंबईस उतरले. मराठी मुलखातील अमेरिकन मिशनचा आरंभ त्यांच्यापासून झाला. ज्या नगराने भयापोटी निरपराध्यांना फासावर चढविले, त्याच नगरातून सुवार्ता आमच्याकडे आली. यात देवाची दया आहे, आणि आम्हांस ताकीदही आहे.

पवित्र शास्त्र चेटकिणीच्या धंद्याचा निषेध करते. पण त्या बाईकडे ते कसे पाहते, हे 1 शमुवेल 28 मध्ये वाचावे. शौल राजाने भूतविद्या करणाऱ्यांना देशातून घालवून दिले होते. पलिष्ट्यांची सेना पाहून त्याचे काळीज थरथरले, तेव्हा तोच वेष पालटून रात्री एन-दोर येथील बाईकडे गेला. भयाने कायदा करणाराच कायदा मोडून बसला. आणि शेवटी काय झाले? दिवसभर न जेवलेला तो राजा जमिनीवर कोसळला, तेव्हा त्या बाईने घरातील पोसलेले वासरू कापले, कणीक मळली, भाकरी भाजल्या व त्याला खाऊ घातले. शास्त्राने तिचे पाप झाकले नाही. तिची दयाही झाकली नाही. जी कथा आपल्याला म्हाताऱ्या बाईचा केवळ द्वेष करावयास लावते, ती शास्त्राहून कठोर आहे.

5. चार कसोट्या

येणेप्रमाणे विचार केल्यावर पुढील कसोट्या वाचकाने हाताशी ठेवाव्या.

पहिली : कथा वाईट कोठे दाखविते? दुबळ्या माणसात, की पापात? 'तुंबाड' मध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसाला गिळणारी वस्तू म्हणजे सोन्याचा लोभ. 1 तीमथ्य 6:10 मधील ताकीद ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या चित्रपटात ओळखीचा शत्रू दिसेल. जी कथा वाचून आपण स्वतःच्या मनातील अंधाराला भिऊ लागतो, तिने काही काम केले.

दुसरी : भयानंतर पाऊल कोणीकडे वळते? पुस्तक मिटल्यावर आपण प्रार्थनेकडे अथवा शांत झोपेकडे वळतो, की दाराला लिंबू-मिरची बांधावी, ताईत आणावा असे वाटू लागते? ज्याचे पाऊल उताऱ्याकडे वळते त्याने ते वाचन सोडावे, मग कथा कितीही उत्तम असो.

तिसरी : वाईटाची चटक लागते काय? वाईटाला वाईट म्हणून दाखविणे वेगळे, आणि क्रौर्याचे घुटके घेणे वेगळे. रक्ताचे वर्णन वाचताना मनातील करुणा कमी होत असेल, तर फिलिप्पैकरांस 4:8 हे वचन उघडून बसावे. तेथे पौल ज्या गोष्टींचे मनन करावयास सांगतो त्यांत सत्याचे नाव प्रथम आहे. कल्पित कथासुद्धा पापाविषयी सत्य सांगू शकते. परंतु क्रौर्याला गोडी लावणारी कथा खोटे बोलते.

चौथी : बरोबर कोण आहे? पौलाने नैवेद्याच्या मांसाविषयी जे शिकविले ते येथेही लागू पडते. ज्ञानी माणसाला जे बाधत नाही त्याने दुर्बळ भावाला ठोकर लागू शकते. मोठ्या मुलाने मोबाइलवर जे हसत पाहिले, ते पाहून धाकटी बहीण महिनाभर रात्री अंगणात जावयास भिते. घरात लहान मूल आहे, मन दुबळे झालेला आजारी आहे, अथवा नुकताच देवऋषीचा नाद सोडून मंडळीत आलेला कोणी आहे, तर आपली आवड मागे ठेवावी. याला प्रीती म्हणतात. आणि आईबापांनीही मुलाच्या हातून पुस्तक हिसकावून घेण्याआधी ते त्याच्याबरोबर बसून वाचावे. जे लपून वाचले जाते त्याचे भय दुप्पट असते.

6. प्रभूने भयाचे काय केले

शिष्यही भुताला भीत होते, हे आपण विसरतो. समुद्रावर रात्रीच्या चौथ्या प्रहरी प्रभूला पाण्यावरून चालत येताना पाहून ते भूत म्हणून ओरडले. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी तो त्यांच्यामध्ये उभा राहिला, तेव्हाही आपण आत्मा पाहत आहो असेच त्यांना वाटले. तीन वर्षे त्याच्या सहवासात राहिलेल्यांची ही अवस्था, मग आमच्या वाड्यावस्त्यांवरील माणसांना कोणी कशाला हिणवावे?

प्रभूने त्यांची थट्टा केली नाही. भुते असतात की नसतात यावर त्या रात्री त्याने व्याख्यानही दिले नाही. त्याने हात व पाय पुढे केले आणि चाचपून पाहावयास सांगितले. तरीही त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने खावयाला काही आहे काय असे विचारले, आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. ज्या खोलीची दारे भयाने बंद होती, तेथे तो जेवावयास बसला.

मंडळीचे कामही हेच आहे. गावात कोणा बाईला चेटकीण म्हणू लागले, म्हणजे विश्वासणाऱ्यांनी दिवसाउजेडी तिच्या घरी जावे, तिच्या ओट्यावर बसावे, तिच्या हातचा चहा घ्यावा. हे शंभर व्याख्यानांचे काम करील. कारण जिच्या हातचे गावादेखत खाल्ले गेले, तिला चेटकीण म्हणणाऱ्याचा आवाज आपोआप उतरतो. ज्याला हे करता येते त्याने धारप खुशाल वाचावे, मतकरी वाचावे. ज्याला अजून करता येत नाही, ज्याची पावले त्या झोपडीवरून जाताना झपाझप पडतात, त्याने काही दिवस कथा मिटून ठेवाव्या आणि लूकाचा चोविसावा अध्याय उघडावा.

विचारार्थ प्रश्न

1. इफिस येथे ज्या पोथ्या जाळल्या गेल्या त्या कोणत्या प्रकारच्या होत्या? त्या कोणी आणल्या?

2. स्किवाच्या पुत्रांनी प्रभूचे नाव कसे वापरले? आपल्या घरांत क्रूस, तेल अथवा शास्त्राचे पुस्तक यांचा तसा उपयोग होतो काय?

3. आपण अलीकडे ऐकलेल्या अथवा पाहिलेल्या भुताच्या गोष्टीत वाईट कोण होते? ती व्यक्ती दुबळी होती की बलवान?

4. आपल्या गावात करणीच्या संशयाने कोणी एकटे पडले आहे काय? येत्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?